शाळेतला सर

नाई, त्या खुर्चीवर नका बसू सर, तिचा मांगचा पाय हालते — इकडं बसा, बाजेवर. मी प्रतिक्षाची माय, पंचफुला. आपली भेट कुठं होते म्हणा, पालकसभेले तिचा बापच येते. प्रतिक्षा घरातच हाय, त्या परद्याच्या मांगं. बलावलं तरी येत नाई. सहावीतली पोट्टी म्हणजे काय सांगू तुमाले — धड लेकरू नाई, धड बाई नाई. जून महिन्यात शिवलेला फ्राक दिवाळीले गुडघ्याच्या वर गेला. आरशासमोर उभी राहिली का हालत नाई — मी म्हटलं, बाई, आरसा झिजन — तर रुसली. भाऊ जाडी म्हणाला तर जेवण सोडलं, अन् दुपारी कोणी नाई पाहून गंजातला सारा भात खाल्ला. तुमाले लेकरं हायेत का? नाई? मंग कळन पुढं.

पण हे जे तिचं शाळेतलं बोलणं बंद झालं ना, थे वयाचं नाई. थे तुमचं हाय. राग नका मानू. तुमी आले सांगलीवरून, अन् पहिल्याच दिवशी वर्गात सांगतलं — मले नाई, मला म्हणा. तुले नाई, तुला. बरोबरच हाय, पुस्तकात तसंच रायते. पण पोट्टीनं घरात सुरू केलं. मी म्हटलं, मले मीठ दे, तर म्हणे, आई, आधी मला म्हण, मंग देतो. माह्या घरात माह्यंच मीठ. म्हटलं बाई मला, काय करता — वरण आळणी होतं. बाजारात मी वांग्याचा भाव करून राहिली, तर मांगून पदर ओढे, तू बोलू नको, मी बोलतो. अन् भांडे घासता घासता एकलीच म्हणे — मला, तुला, गाईला, बैलाला. जिथं ले दिसला तिथं ला. असा नियमच बसवला तिनं डोक्यात.

मंग आली सव्वीस जानेवारी. भाषण 'आमच्या गावचा तलाव'. तुमीच निवडलं तिले, मी कायले नाई म्हणू. सारं गाव बसलं होतं. पोट्टी माईकसमोर उभी राहिली, घाबरली, अन् जिथं जिथं ले आला तिथं बदलवत सुटली. 'येथे जमलाला पाहुणे' — झालं, तिथूनच खसखस सुरू झाली. 'गावातला लोक तलावात मासे पकडतात.' अन् शेवटी तुमचे आभार. कागदावर होतं, आमच्या शाळेतले सर सांगलीहून आले आणि आम्हाला शिकवू लागले. थे काय म्हणाली? 'आमच्या शाळेतला सर सांगलीहून आला आणि आम्हाला शिकवू लागला.' माईकवर. जसा बकऱ्या चारणारा आला. दात नसलेले म्हातारे बी हसले. मी बी हसली, खोटं कायले बोलू. तवापासून पोट्टे तुमाले पाहून 'सर आला, सर आला' करतात, ठाऊक हाय मले. पण सर, तिनं मजाक नाई केली हो. तिले वाटलं, थे शुद्ध बोलून राहिली. तुमचाच ला तुमाले लागला.

अन् हसता काहून? मी बी तेच करतो. धानाच्या बांधीत एकली असली का रोवणी करता करता म्हणून पाहतो — मला, तुला. हे वय हाय का माह्यं? पण भेव वाटते. उद्या थे मोठ्या शाळेत जाईन, कॉलेजात जाईन, तिथं मले तिच्या मैत्रिणीसमोर उभी करन का नाई. जीभ वळत नाई माही, काय करू — जाऊ द्या, हे मी तुमाले कायले सांगून राहिली.

मुद्द्याचं असं, का बरं झालं तुमी स्वतः आले. शनिवारी लाखनीले तालुक्याची भाषणाची स्पर्धा हाय ना. तुमी निसतं म्हणा, चल बाई, चुकलं त चुकलं. तुमच्या तोंडून आयकलं का थे येते, मले मालूम हाय. तलावाचं सारं पाठ हाय अजून, कुठं कोणता मासा, कुठं कमळ — काय म्हणता? — तिचं नाव? — कापलं? कधी? — अन् कोणाचं टाकलं? सरपंच केशवरावच्या नातवाचं. थो त माईक चाटते. — म्हणजे तुमी बलवाले नाई आले. तुमी सांगाले आले. अन् मी इकडं चहाचं आधण ठेवून, माह्यं सारं मन मोकळं करून राहिली. — शिस्त? कायची शिस्त? सहावीतली पोट्टी तुमचा अपमान कायले करन? तुमी सांगतलं तेच केलं ना तिनं, जरा जास्तच केलं —

थांबा. प्रतिक्षा? काय म्हणतं बाई? जोरानं म्हण.

आयकलं का सर? नाई आयकू आलं त मी सांगतो, जसंच्या तसं. 'आई, सरांना सांग, मला कुठेच बोलायचं नाही.'

एक बी चूक नाई. एक बी ले नाई त्याच्यात. झालं तुमचं शिकवून. — चहा राहू द्या. निघा तुमी.