समुद्राकडचं दार

चाकणच्या स्टँडवर मिनलची बस लागली, पण तिचे कान रांगेतल्या पुढच्या दोघींपाशीच अडकले होते.

"काकू, महिनाभर कोकणात गाडीतच राहिलात?"

"व्हय गं स्वरूपा. ह्यांनी जुन्या टेम्पोत पलंग बसवला, शेगडी बसवली. दिवेआगर, गुहागर, मालवण. वाटलं तिथं मुक्काम."

"आणि काकांची ती कंपनीतली शिस्त?"

"ती कुठं सुटतीय! गाडी रिव्हर्सच लावायची. किनाऱ्यावर बी तोंड रस्त्याकडं. म्या लय वैतागले. सकाळी ह्यांनी मागचं दार उघडलं, तर पायाशी समुद्र! पलंगावरूनच पाय सोडून चहा प्याले."

"आता घरी करमतं का?"

"काल गाडीतच झोपलो."

"अहो, पण मागं तर सोसायटीची भिंत!"

"हाय की. सकाळी ह्यांनी दार उघडलं, चहा दिला. म्या पाय सोडून बसले."