रंग पास करणारी खुर्ची

आजच्या कार्यक्रमाच्या अध्यक्षा आणि आमच्या कारखान्याच्या प्रमुख सुनीतीमॅडम, व्यासपीठावरील मान्यवर, आज निवृत्त होणारे सत्कारमूर्ती नंदकुमार, त्यांच्या सौभाग्यवती गीतांजलीवहिनी, आणि समोसे थंड होतायत म्हणून माझ्याकडे रागानं बघणाऱ्या बंधू-भगिनींनो,

मी सयाजी. तळोज्याच्या या रंगाच्या कारखान्यात नंदू आणि मी एकाच दिवशी लागलो. काम एकच. तयार रंग पत्र्यावर लावायचा आणि नमुन्याशी ताडून बघायचा. पण शेवटी 'पास' म्हणणारी खुर्ची एकच, आणि तिच्यावर बसला नंदू. मी जळलो. आजही जळतोय. मान्यवरांनी क्षमा करावी, पण निरोपाला खोटं बोलायला आमच्या साताऱ्यात शिकवत नाहीत.

चौतिसाव्या वर्षी याला मोतीबिंदू झाला. म्हटलं, आली खुर्ची! कुठलं काय! भिंगं बदलून आला आणि निळा असा ओळखायला लागला की आम्ही बघतच राहिलो. मोतीबिंदूसुद्धा याला फळावा, हा कुठला न्याय?

दोन-तीन वर्षांनी तपासणीत रक्तातलं फेरिटिन, म्हणजे अंगातल्या लोहाचा साठा सांगणारं प्रथिन, तीन-चारशेच्या आत हवं ते दीड हजारावर निघालं. एका डॉक्टरांनी ठरवलं, अंगात लोह साठलंय, रक्त काढत राहा. वहिनींनी पालेभाजी, गूळ सगळं बंद केलं. गडी पांढराफटक पडला, जिना चढताना धापा टाकायला लागला. मग त्याला वाशीला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं कुणी? मीच. थोडं काळजीनं, बाकी हा किती दिवस रजेवर जातोय ते बघायला.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरात कुणाला लवकर मोतीबिंदू झाला होता?"

नंदू म्हणतो, "आईला होता, पण तो वयोमानानं."

मी ताडकन बोललो, "वयोमान कसलं रे? मी पहिल्यांदा तुझ्या घरी जेवलो तेव्हा यशोदाकाकू चाळिशीच्याही नव्हत्या, आणि भात ताटाबाहेर वाढत होत्या!"

तिथंच गाठ सुटली. पुढच्या तपासण्यांत कळलं, हे आईकडून आलेलं. फेरिटिन वाढतं, डोळ्यांच्या भिंगात जमतं, म्हणून मोतीबिंदू लवकर होतो, पण अंगात जादा लोह नसतंच. रक्त काढणं थांबलं आणि गडी सावरला. वहिनी, राग मानू नका, पण हेवा करणाऱ्याइतकं बारीक लक्ष बायकोचंही नसतं.

आता गेल्या महिन्यातलं ऐका. मी एक निळा नमुना 'बरोबर' म्हणून पुढं सरकवला. यानं परत केला. हळूच म्हणाला, "सया, डोळे दाखवून घे." मी चार शिव्या हासडल्या. मग गेलो. मोतीबिंदू! माझा बिनघराण्याचा, साधा वयाचा. आयुष्यभर वाट बघितली ती खुर्ची मोकळी होतेय, आणि नेमके आत्ता माझे डोळे दगा देतायत!

नंदूनं काय केलं असेल? मॅडमना जाऊन सांगितलं, "सयाचं ऑपरेशन होईपर्यंत खुर्ची कुणाला देऊ नका. नजर त्याचीच चांगली. मी फक्त भिंगं आधी बदलली." मॅडमनी मान्य केलं. आता सांगा, या माणसाचा हेवा करायचा तरी किती?

मॅडमचे आणि तुम्हा सगळ्यांचे आभार. बोलताना जीभ कुठं वाकडी गेली असेल तर पोटात घाला.

एकच राहिलं. नंदू, मघाशी तुला पांघरलेली शाल सगळ्यांना मोरपंखी दिसली. मला मळकट हिरवी दिसली. बुधवारी माझं ऑपरेशन आहे. शाल कपाटात टाकू नकोस, माझा डोळा उघडला की घेऊन ये. पास करायची का नाही, ते मी ठरवीन.