विद्यापीठ माळावर, एसटी फाट्यावर

...आन् वरून लोक मलाच म्हणत्यात, "अप्पा, तुमच्या भज्यापायी विद्यापीठ बुडालं!" भज्यानं कुठं विद्यापीठ बुडतंय व्हय? तुमाला सांगतो, माजलगाव-परळी रस्त्यावर फाट्याला माझं हॉटेल. हॉटेल म्हंजे काय, वर पत्रे, खाली बाकडे, मधी कढई. विद्यापीठाला आपल्याकडं उपकेंद्र काढायचं होतं, जागा पायजे होती फुकट. आता फुकटात काय मिळतंय? गायरान! तेबी पार माळावर, जिथं शेळीसुदिक इचार करून चढती! सायबानं हात फिरवून दाखवलं, "इथं ग्रंथालय, इथं वसतिगृह, इथं कॉम्प्युटर!" आमी म्हणलं, लई भारी! पण पोरी वर येणार कशा, हे इचारलं का कुणी? न्हाई!

मग अर्जावर अर्ज झाले. डेपोनं हुकूम काढला, एसटीनं आधी माळावर जायचं, पोरी सोडायच्या, मग परळीला. झ्याक! पण डायवर मुंजाजी फाट्यावर थांबायचा. डायवर-कंडक्टरला हॉटेलवाल्याचा चहा-भजे फुकट, ही रीतच हाय, मी काय नवी काढली? त्यो एक प्लेट खायचा, दुसरी मागायचा, मिरची चावत घड्याळ बघायचा, "आयला, टाइम झाला! उतरा गं पोरींनो, जावा चालत, जवळच हाय!" आन् गाडी सरळ परळीला! पोरी उन्हात माळ चढायच्या. सगळ्यात म्होरं कोण? माझीच लेक ईश्वरी! मी आपला कढईत बघायचो. लाज वाटायची हो... पण एसटी थांबली की गिऱ्हाईक उतरतंय! आता यात माझं काय चुकलं? ...चुकलंच म्हणा.

हळूहळू पोरी गळाल्या. केंद्राचे मोहनराव सर खाली आले, चहाला हातबी लावला न्हाई. म्हणले, "अप्पा, पोरंच न्हाईत, तर केंद्र बीडला न्यायचं म्हणत्यात." बीडला! म्हंजे ईश्वरीचं शिक्षण खलास! तिच्या आईनं लगेच पाव्हणे बघायला घेतले. ईश्वरीच्या ताटात भजे वाढले, तर तिनं ताट सारलं.

म्हणलं, बंद! फुकटचे भजे बंद! मुंजाजीनं रिकामी प्लेट बघितली, माझ्याकडं बघितलं... आन् दुसऱ्या दिवशी एसटी थांबलीच न्हाई! सुसाट! पोरी काचा बडवत पार म्होरल्या गावाला, सिरसाळ्याला! सांगा, यात माझं काय चुकलं?

हात जोडून भजे परत चालू केले. मग सरांना म्हणलं, "एसटी वर येत न्हाई ना? मग विद्यापीठच खाली आणा." पण खाली जागा कुठाय? रस्त्याकडंची सगळी जमीन कॅनॉलची बागायती, कुणी ऊस लावलेला, कुणी प्लॉट पाडलेले. उरलं काय, तर माझं हॉटेल आन् मागचा तुकडा. दिला! कागद केला, पत्रे काढले, कढई घरी नेली. खोल्या झाल्या, ही मोठी कमान झाली! उद्घाटनाला मला नारळ दिला. ईश्वरी हसली हो, कित्येक दिसांनी. मला रडूच आलं. म्हणलं, चला, फिटलं पाप!

आन् दुसऱ्या दिवशी एसटी आली. मुंजाजीनं कमान बघितली, हॉटेल कुठं दिसंना... भजेच न्हाईत, तर थांबावं कावून? गेली की सुसाट!

आता रोज एसटीच्या टायमाला, माझ्याच जमिनीवरच्या कमानीम्होरं, शिपायाला इचारून, मी कढई मांडून उभा ऱ्हातो. वास गेला की बरोबर ब्रेक लागतंय. एसटीच्या आतून ईश्वरी वरडती, "अप्पा, दुसरी प्लेट दमानं द्या, मागच्या पोरी उतरायच्यात अजून!"

माझं काय चुकलं, हे इचारायचं सोडलंय आता. गपगुमान तळतो.