दोन बादल्या पाणी

न्हाय न्हाय मॅडम, खुर्चीवर नंतर बसा — आदी ही गोटी बगा. दुकानातनं आणलीय मुद्दाम. ही जाळीजवळ ठेवली — हात काढला — आता कुटं चालली? दाराकडं! बाथरूमातलं पाणी जाळीत जायचं का घरात यायचं, तुमीच सांगा की. तुमी कंपनीच्या इंजिनेर, मी आपला चावीवाला — म्हंजे ह्या भागातल्या नळाला पाणी सोडणारा, एकतीस वर्सं रस्त्यावरच्या चाव्या फिरवून रिटायर झालो — पण पाणी कुटनं कुटं जातंय एवढं मला कळतंय. पाणी काय तुमचा कॅटलॉग वाचून वाहत न्हाय, उताराकडं वाहतंय. आन् उतार केलाय उंबऱ्याकडं! जाळी फरशीपेक्षा बोटभर वर, जणू पाण्यानं पायऱ्या चढून जायचंय तिच्या दर्शनाला.

हा नळ बगा — लाल खूण हाय न्हवं, सोडा. गार! आता निळी खूण — नगं, नगं सोडू, पाणी वाया जातंय, माझ्यावर इस्वास ठेवा, हात भाजतोय. आरसा बगा. माझी बायको चार फूट दहा इंच, तिला त्यात नुसतं छत दिसतंय. आन् ही फरशी वाजवा — आला आवाज? ढब ढब. खाली मालच भरला न्हाय, पोकळ हाय सगळी. ‘सात दिवसांत नवं बाथरूम, दहा वर्सं काळजी नाही’ असं छापलं होतं तुमच्या कागदावर. सात दिस तेवढं बरोबर धरलं बगा तुमी. काळजी आमच्याकडं ठेवून गेला.

जरा हळू बोला — म्हंजे मीच हळू बोलतो. यशोदा पुढच्या खोलीत हाय, माझी बायको. व्हय, तीच की पडली ती. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन करून स्टीलची पट्टी घातलीय आत. दिवसातनं दोनदा वॉकर धरून चार पावलं टाकती आन् रडती. बाथरूमाकडं तर यायलाच तयार न्हाय. दार दिसलं की अंग आकसून घेती — मी पलंगाजवळच पातेल्यात पाणी घेऊन अंग पुसून देतो तिचं.

तिच्यासाठीच केलं होतं हो हे सगळं. छत्तीस वर्सं झाली लग्नाला. आपल्या सोलापुरात पाणी चार-पाच दिसांनी, ते बी कवा पहाटं, कवा दुपारी. मी जगाला पाणी सोडायला बाहेर — आन् हितं ही एकटी हंडं, कळश्या, बॅरल भरत बसायची. दिव्याखाली अंधार म्हणत्यात ते हेच. मी घरी आलो की काय इचारायचो? ‘भरलं का सगळं?’ जेवलीस का न्हाय — भरलं का. रिटायर झालो तवा म्हणलं, माग काय मागायचं ते. सोनं न्हाय मागितलं, काशी न्हाय मागितली. मोडनिंबला भावाच्या नव्या घरात तिनं तो वरनं पाणी पडायचा फवारा बघितला होता. म्हणाली, तसला एक करा. एवढंच. पहिल्या दिवशी अंघोळ करून आली, केसं निथळत हुती, आन् काय म्हणाली? ‘अवं, हातात तांब्या न धरता अंघोळ करायची ही पहिलीच येळ माझी.’ छत्तीस वर्सांत.

दोन दिस केली तिनं अंघोळ. तिसऱ्या दिवशी साबणाचं पाणी उंबऱ्याशी साठलं, बाहेर येताना पाय त्याच्यावर पडला. मी हितंच पेपर वाचत बसलो होतो. धाडदिशी आवाज झाला. मला वाटलं बादली पडली. मी जागचा उठलो न्हाय — बसल्या जागेवरनं काय इचारलं, ठावं हाय? ‘पाणी सांडलं का गं?’ असं इचारलं मी. लाज वाटती सांगायला. रोज ते आठवतंय आन् रोज लाज वाटती.

काय? हा कागद? बगू — चष्मा कुटाय — व्हय, सही माझीच हाय. बिभीषण नाव असं सुट्या अक्षरांत लिवणारा दुसरा कोण असणार हितं. वर काय लिवलंय? ‘ग्राहकासमक्ष पाणी टाकून ढाळ तपासला.’ ढाळ म्हंजे हाच उतार. पुढं बरोबरची खूण. आता तुमी मोठी माणसं, कुटं काय छापता आन् कुटं सह्या घेता, आमी गरीब —

न्हाय. वाचलं होतं मी. वाचून केली सही.

दार जरा लोटा ते.

तो मिस्त्री, कोंडीबा, मोहोळचा — काम आटपून म्हणाला, ‘काका, जाळीला फडकं लावतो, दोन बादल्या पाणी टाकू द्या. ढाळ बगतो. चुकला असला तर आताच उकलतो, एकदा वाळलं की संपलं.’ नळाला पाणी येऊन चौथा दिस होता. टाकीत वीतभर. मी म्हणलो, येडा हायस का? दोन बादल्या जमिनीवर? लोक एका घागरीसाठी माझ्या अंगावर धावून आलेले बगितलेत मी, आन् माझ्याच घरात मी पाणी ओतून ते कुटं जातंय बगत बसू? तो म्हणाला, मग उद्या नळ आल्यावर येतो. मीच म्हणलो, उद्या कशाला हेलपाटा, आण तो कागद. यशोदा मोडनिंबला गेली होती, भाचीच्या साखरपुड्याला. ती यायच्या आत सगळं तयार पायजे होतं मला. ती असती तर तिनं ओतू दिलं असतं. तिनं भरलेलंच होतं की ते पाणी.

म्हंजे काम त्यानं नीट केलं असं न्हाय म्हणत मी — वाकडंच केलंय, गोटी काय खोटं बोलत न्हाय! पण त्याला शंका होती. त्यानं इचारलं होतं. आन् ही तितं पडल्या पडल्या रोज त्याला शिव्या देती, ‘त्या मेल्याच्या हाताला काय झालं होतं’ म्हणती. मी म्हणतो, व्हय. वर माझीच समजूत घालती — ‘तुमी मनाला लावून घेऊ नगा, तुमी बिचाऱ्यांनी माझ्या हौसंपायी केलं.’ बिचारा म्हणती मला.

म्हंजे? परत सांगा. मिस्त्रीनं न इचारता खूण केली, पाणी टाकू का म्हणून इचारलंच न्हाय — असं मी लिवून दिलं तर सगळं उकलून फुकट करून देणार. आन् न्हाय लिवलं तर गॅरंटी खलास, चूक माझी. आन् कोंडीबा? कामावरनं काढणार? कायमचं? दुसरी कंपनी घेईल की त्याला — न्हाय? तुमी तसं कळवता सगळीकडं. अवं, पण —

न्हाय, लिवा खरं. त्यानं इचारलं, मीच पाणी टाकू दिलं न्हाय असं लिवा. मी भरतो काय लागंल ते. सांगतो तिला आज. जेवण झालं की सांगतो. किंवा टाके निघाले की — आता दुखण्यात कशाला — पण सांगतो. छत्तीस वर्सांत तिच्याशी एक खोटं बोललो न्हाय मी, मॅडम, हे पहिलंच —

आँ? आलो गं! व्हय, कंपनीच्या मॅडम आल्यात! काय म्हणत्यात? काय न्हाय — मिस्त्रीचंच चुकलं म्हणत्यात! सगळं उकलून परत करून देत्यात! — व्हय, फुकट! — तू पड, उठू नगंस, मी हाय की!

अशा बघू नका माझ्याकडं. कुटं लिवायचं ते दाखवा. पेन द्या. आन् चहा न्हाय इचारत मी, रागावू नका — जावा तुमी आता.