झिपरूमामाच्या अंगावरचे केस

मंडळी, सावरून बसा. पंखे बंद आहेत, दिसतंय मला. वीज तिच्या वेळेला येईल, आपण आपल्या वेळेला सुरू करू. आणि घाम येतोय म्हणून तोंडं वाकडी करू नका — आज कथा त्याचीच आहे.

आधी प्रश्न. देव न्यायी आहे की नाही? आहे. सगळी लेकरं त्याचीच की नाही? त्याचीच. मग मला सांगा, केस वाटताना त्यानं एवढा घोळ का घातला?

हसू नका, शेजारी बघा. एवढं टक लावून नको, घरी बरोबर जायचंय. एकाच्या छातीवर रान माजलेलं, सदऱ्याचं वरचं बटण लागत नाही. दुसऱ्याचा हात बघावा तर सोललेलं केळं. एकाच आईचे दोन मुलगे — थोरला सकाळी दाढी करतो, दुपारी परत खुंट. धाकटा मिशी यावी म्हणून अजून नवस बोलतोय. आणि हे आमचे मृदंगवाले बळवंतबुवा! डोक्यावर एक केस नाही, पण कानात बघा. कानात बाग फुललीय. हे वाटप म्हणायचं की चेष्टा?

ज्याला जास्त दिलं, त्याला ते कशासाठी दिलं? हा आजचा प्रश्न. केसांपुरता धरू नका. पण सुरुवात केसांपासून.

(मृदंगावर एकच थाप. जोरात. बळवंतबुवा रागावलेत.)

तर फार पूर्वी. किती पूर्वी? शाळेत शिकवतात त्याच्या थोडं अलीकडे, आणि खरं वाटेल त्याच्या थोडं पलीकडे. पोथीत शोधू नका. मी शोधलं, नाही सापडलं.

तेव्हा माणूस अंगभर केसाळ. बाई काय, बुवा काय, टाळूपासून टाचेपर्यंत. कपडे नाहीत, शिंपी नाही, लग्नाला काय नेसू हा प्रश्न नाही. झाडावर राहायचं, फळं खायची. आणि बाळ? बाळाला पाळणा नाही, झोळी नाही. आईच्या पोटावरचे केस बाळानं मुठीत धरायचे आणि लोंबकळायचं. आई या फांदीवरून त्या फांदीवर, बाळ आपलं खाली चिकटलेलं. पडायचं नाही कधी. मूठ कशी? अशी. हे लक्षात ठेवा, ही मूठ मी शेवटी परत मागणार आहे.

त्या कळपात एक बाई होती, कोंडाबाई. काय हसताय? अंगभर केस असल्यावर दुसरं काय नाव ठेवतील? तिचा नवरा धावजी. तिची तान्ही मुलगी ठमी. आणि कोंडाबाईचा धाकटा भाऊ — झिपरू.

झिपरू म्हणजे केसांचा कारखाना. इतरांच्या अंगावर केस, झिपरूच्या अंगावर केसांना केस. बसला की गवताची गंजी वाटायचा. एकदा चिमण्यांनी खांद्यावर घरटं केलं, तर बिचारा पिल्लं उडेपर्यंत त्या कुशीवर झोपला नाही. असा माणूस.

आता झालं काय — पाऊस आटला. रान विरळ झालं. झाडं गेली, माळ आला. फळं संपली. पोटासाठी हरणामागं धावायची पाळी आली. आणि वर ऊन! चैत्रातलं नव्हे, त्याच्या थोरल्या भावाचं. अंगावर घोंगडी पांघरून माळावर पळून बघा. हरीण जरा पुढं जायचं, थांबायचं, मागं बघायचं — की आपला माणूस आडवा.

सगळ्यात आधी कोण आडवा? झिपरू. धावजी म्हणायचा, "अस्वलराव, तुम्ही सावलीतच बसा. तुम्हाला उचलून आणण्यात आमची शिकार जाते."

"उद्या पळतो की, दाजी."

"काल पण हेच म्हणालात."

पुरुष पळायला जायचे आणि झिपरू बायकांबरोबर कंदमुळं उकरायचा. मनात मात्र एकच. पहाटे, ऊन चढायच्या आत, तो माळावर एकटा पळून बघायचा. वेग होता हो पायात! दाजीपेक्षा जास्त. फक्त वर हे ओझं. त्याला वाटायचं, एकदा हे अंगावरून उतरू दे, मग दाखवतो अस्वल कसं पळतं ते.

(पेटीवाले, सूर धरा. नको, थांबा. गाणं मागाहून. आता देव यायचाय.)

धावजीनं देवाला हाका मारल्या. देव आला, टेकडीवर बसला. "काय पाहिजे?"

"देवा, हे केस काढून घे. उकडतंय."

"घेतो. बदल्यात घाम देतो."

"घाम म्हणजे?"

"अंगातून पाणी झिरपेल. वारा लागला की गार वाटेल."

धावजी बिचकला. "म्हणजे आम्ही गळणार?"

"गळणार. पण हरीण दमेल, तुम्ही नाही." मग देव म्हणाला, "उद्या सूर्य माथ्यावर आला की सगळे इथं या. एकमतानं मागा. एकाचा जरी नकार आला तरी मी निघालो. मला मुंग्यांचंही बघायचंय."

झालं. कळपात आनंदीआनंद. आणि सगळ्यात आनंदी झिपरू. सकाळपासून टेकडीवर रांगेत पहिला उभा. मागं वळून म्हणतो, "दाजी, उद्या माझ्यामागून या."

सूर्य माथ्यावर आला. देव आला. "आहे का एकमत?"

"आहे!"

"नाही," कोंडाबाई म्हणाली.

सगळे वळले. ती मागं उभी होती. पोटाला ठमी चिकटलेली, दोन्ही मुठी केसांत.

"माझे केस गेल्यावर हिनं धरायचं काय?"

मंडळी, एवढी मोठी सभा झाली, चर्चा झाली, पण हा प्रश्न कोणाच्या डोक्यात आला होता का? नाही. कारण विचारणाऱ्यांच्या पोटाला काही लोंबकळत नव्हतं!

धावजी म्हणाला, "धरील काहीतरी. पोरं शिकतात."

"पडून शिकतात."

"तू हातात घे तिला."

"मग उकरू कशानं? पायानं? हातात घेतलं तर कंद नाही. कंद नाही तर दूध नाही. अहो, तुम्ही हरीण आणाल तेव्हा आणाल."

मागून आवाज उठले. हिच्या एकटीपायी सगळ्यांनी भाजायचं का? कोणी म्हणालं, पोर ठेव खाली. खाली? माळावर कोल्हे होते. देवानं घोंगडं खांद्यावर टाकलं. "ठरवा. मुंग्या वाट बघतायत."

झिपरू रांगेत पुढं उभा. मागं कोंडाबाई, पुढं देव, मधे सगळा उतार. खाली माळ दिसत होता. वारा सुटला होता. पळायला असा दिवस पुन्हा मिळायचा नाही, हे त्याला कळत होतं. त्याचे पाय आपोआप हलत होते, जागच्या जागी.

काय केलं असतंत? खरं सांगू नका, घरचे बसलेत.

झिपरू उतरून मागं आला. ताईसमोर उभा राहिला. "अक्का, दे इकडं."

"काय देऊ?"

"ठमीला. माझ्या अंगावर राहील. तू केस देऊन टाक. माझे राहू दे."

"अरे, पण तुला पळायचंय ना?"

झिपरू म्हणाला, "आता कुठं पळतोय एवढ्या उन्हात."

कोंडाबाईनं ठमीच्या मुठी एकेक बोट करून सोडवल्या. पोर रडायच्या बेतात. आईकडं बघून म्हणाली, "मा." आणि झिपरूच्या छातीत हात खुपसले, दोन्ही मुठी भरल्या, वर बघितलं — आणि पुन्हा म्हणाली, "मा."

देवानं विचारलं, "हा हिचा कोण?"

तोवर त्या नात्याला नावच नव्हतं. कोंडाबाई म्हणाली, "ऐकलंत ना. एक मा मी. एक मा हा."

मा आणि मा. मामा! झाला शब्द तयार. व्याकरणवाले काय म्हणतात ते मला सांगू नका. ते त्या टेकडीवर नव्हते.

(वाजवा आता. बळवंतबुवा, रुसवा सोडा. तुमच्या कानाचंही येणार आहे.)

देवानं हात फिरवला. केस वाऱ्यावर गेले. टेकडीवर झिपरू सोडून सगळी माणसं गुळगुळीत! एकमेकांना ओळखेनात. धावजी ओरडला, "मी गळतोय!" — घाम फुटला होता. आणि एक गंमत झाली. केस गेले, पण उभं राहायची त्यांची सवय गेली नाही. निवृत्त मास्तर शाळेची घंटा ऐकली की उठतात ना, तसं. भीती वाटली, थंडी वाजली, अभंग कानावर आला, की कातडी अजून त्यांना उठवायला जाते. आपण म्हणतो, अंगावर काटा आला. शास्त्रात सात्त्विक भाव सांगितलेत, त्यात घाम पण आहे आणि रोमांच पण आहे. दोन्ही त्याच टेकडीवरचे!

आता देव निघणार, तर कोंडाबाई म्हणाली, "देवा, डोक्यावरचे तेवढे परत ठेव. कडेवर घेतलं की पोराला ओढायला काहीतरी लागतंच." देव म्हणाला, बरं. म्हणून डोक्यावरचे परत आले. त्या तिकडच्या वहिनींना विचारा, त्यांचं बाळ आत्ता काय करतंय. बघा! वेणी सुटली.

पण झिपरूला सूट मिळाली, कोंडाबाईला सूट मिळाली — मग काय होतं? तुम्ही तहसील कचेरीत गेला असाल. रांग लागली! एक जण आला, "मलाही भाचा आहे, छातीवर थोडे परत ठेवा." ठेवले. दुसरा म्हणाला, "मला तीन बहिणी, पाठीवर पण ठेवा." ठेवले. एक मावशी म्हणाली, "दंडावर नाही, पण हातावर लव ठेव, पोरांना गोंजारायला." ठेवली. एक आला, "मिशी ठेवा." कशाला? "पीळ द्यायला." देवानं कपाळाला हात लावला, पण ठेवली. मग कोणी म्हणालं, भाचे लांब राहतात, मला काही नको. तो झाला सोललेलं केळं. आणि सगळ्यात शेवटी एक आला, चाचरत. "देवा, भाचा आहे. पण माझी पाठ दुखते. छातीत उबळ येते. खांदा निखळलाय. कान चालतील का?"

देव म्हणाला, "कान तर कान."

बळवंतबुवा, हा तुमचा मूळपुरुष. पण गेला होता हो रांगेत! तेही सगळ्यांना जमलं नाही.

तर केस कोणाला किती? जो जेवढं धरू देईल तेवढे.

पण झिपरूचं काय? दुसऱ्या दिवशी पुरुष पळाले. ऊन चमकत होतं त्यांच्या अंगावर. धावजी सगळ्यात पुढं. झिपरू माळाच्या कडेला उभा राहून बघत होता. छातीवर ठमी. कोण्या एकीनं येऊन आपलंही पोर त्याच्या पाठीला लावलं. "जरा धर रे, आलेच." आणखी एक आलं. दुपारपर्यंत झिपरू दिसेना, नुसती पोरं दिसायला लागली. पुरुष हरीण घेऊन परत आले. धावजी धापा टाकत म्हणाला, "मेव्हणे, मजा आली असती तुम्हाला."

"आली असती," झिपरू म्हणाला. तो कधीच पळाला नाही.

आणि पोरं काय, नुसती धरतात? ओढतात! खांद्यावर बसून ठमी डोक्यावरचे धरायची. आज मूठभर, उद्या मूठभर. पुढची थंडी आली तेव्हा झिपरूच्या अंगावर केस होते, पण डोक्यावर ऊनही घसरेल असं तुळतुळीत टक्कल. अंगावरच्या घोंगडीत पोरं झोपलेली आणि याचं डोकं काकडतंय. सभेतल्या टकलांनो, टोपी काढून बसा. लाजायचं कारण नाही तुम्हाला.

एका सकाळी कोंडाबाईनं ते बघितलं. तोवर ठमीच्या डोक्यावर पहिलं मऊ जावळ आलं होतं. कोंडाबाईनं धारदार दगड घेतला. "मांडी घाल," भावाला म्हणाली. ठमीला त्याच्या मांडीवर बसवलं, तिचं जावळ कापलं, ओंजळीत घेतलं आणि झिपरूच्या टकलावर ठेवलं.

वारा आला. सगळं उडून गेलं.

कोंडाबाईचा चेहरा पडला. "अरे, राहिलं नाही."

झिपरू टकलावरून हात फिरवत म्हणाला, "असू दे अक्का. मिळालं मला."

म्हणून मंडळी, जावळ काढताना बाळ मामाच्या मांडीवर बसतं. तुम्ही कागदावर केस गोळा करता, नदीत सोडता, पेढे वाटता. मामाला मात्र टोपी-उपरण्यात उरकता. कशाचं जावळ, कोणाची मांडी, कोणाला ठाऊक!

आता ती मूठ परत द्या. वहिनी, तुमच्या बाळाच्या तळहातावर बोट ठेवा. ठेवलंत? धरलं ना? केवढी ताकद आहे बघा. नुकतंच जन्मलेलं पोर असतं, डोळे उघडत नाहीत, पण मूठ मिटते. कोणी शिकवलं त्याला? ते काय शोधतंय? केस शोधतंय. आपण ते कधीच टेकडीवर सोडून आलो, हे त्याला अजून कोणी सांगितलेलं नाही.

तेव्हा ज्याच्या अंगावर जास्त त्यानं मिरवू नये, ज्याच्या अंगावर कमी त्यानं रुसू नये. घरी गेल्यावर आरशासमोर उभे राहा. केस बघू नका. एवढंच विचारा — कोणी पडायला लागलं, तर माझ्या अंगावर त्याला धरता येईल असं काही मी ठेवलंय का? की सगळंच गुळगुळीत करून, हलका होऊन, हरणामागं निघालोय?

वीज आली वाटतं. पंखा राहू द्या बंद, घाम सुकू द्या आपोआप. ज्याच्याशेजारी बसलात त्याचा हात धरा, आणि हात न सोडता म्हणा आपापल्या देवाचं नाव.

बळवंतबुवा, तुमचा कोणी धरत नाही का? थांबा, मीच येतो.