धान्याच्या काट्यावर राहिलेली बायको

यॅरानूप पोलीस ठाणे, दक्षिण ऑस्ट्रेलिया. मंगळवार, १४ मे, दुपारी २ वाजून ५० मिनिटे.

नाव मर्ना हॅलोरन, वय ६९ वर्षे. धंदा: पूर्वी शाळेच्या उपाहारगृहात स्वयंपाकीण, आता निवृत्त. राहणार: घर भाड्याने दिल्यामुळे सध्या कॅरव्हॅनमध्ये.

मी स्वतः ठाण्यात हजर होऊन, कोणाच्याही दबावाशिवाय सांगते की, मी बेपत्ता नाही. सकाळी दहापासून ठाण्यात येईपर्यंत मी गावातल्या धान्याच्या वजनकाट्यावरच होते, मध्ये कुठेही गेले नाही.

डेस्मंड हॅलोरन हा माझा नवरा. लग्नाला त्रेचाळीस वर्षे झाली. निवृत्तीनंतर कॅरव्हॅन घेऊन देशभर फिरायचं त्याचं ठरलं होतं. मला विचारलं तेव्हा कॅरव्हॅन दारात उभी होती. काल मुक्कामावर शेजारच्या माणसाने सांगितलं की गाडीचं पुस्तकातलं वजन म्हणजे कारखान्यातून निघालेल्या रिकाम्या गाडीचं. खरं वजन करायचं तर टाकी भरून, सामान आणि माणसांसकट, मागे कॅरव्हॅन जोडून करायचं, कारण कॅरव्हॅनच्या दांड्याचा भार गाडीच्याच माथी पडतो. डेस रात्रभर कूस बदलत होता.

सकाळी १० वाजून १० मिनिटांनी आम्ही काट्यावर पोचलो. काटा इव्हो मार्टिनोविच नावाचे गृहस्थ सांभाळतात. गाडीत डेस, मी आणि आमचा कुत्रा बिस्किट. गाडीची चाकं काट्यावर, कॅरव्हॅनची बाहेर. दाराच्या पत्र्यावर मर्यादा ३,३५० किलो लिहिली आहे. काट्याने ३,४६० दाखवले.

डेस म्हणाला, "काटा खोटा आहे तुमचा. पुस्तकात बघा की!"

इव्हो म्हणाले, "पुस्तकात तुमचा मासळीचा फ्रिज लिहिलाय का? तीस वर्षं गहू मोजतोय मी. काटा खोटा कुणी म्हणत नाही. शेतकरी सोडून."

मग डेस सामान उतरवून काट्याच्या कडेला ठेवायला लागला. प्रथम माझं शिलाई मशीन. मग माझ्या पुस्तकांचे दोन खोके, माझी घडीची खुर्ची आणि मी घालून आणलेल्या जर्दाळूच्या मुरंब्याच्या बरण्या. चिखलातून गाडी ओढायचं यंत्र, जनरेटर, दोन जादा टायर, मासळीच्या आमिषाचा फ्रिज आणि डेसची घडीची खुर्ची या वस्तू गाडीतच राहिल्या. वजन ३,४२० झालं.

डेस म्हणाला, "मर्ना, जरा उतर गं. बिस्किटला पण घे. पावती आण खिडकीतून."

मी उतरले. काट्याने ३,३२० दाखवले. डेसने स्टिअरिंगवर थाप मारली आणि ओरडला, "बसलं की नाही!"

इव्हो म्हणाले, "अहो, पण बाई खाली उभ्या आहेत."

डेस म्हणाला, "ती काय सामान आहे का? तिचं कशाला धरायचं?"

हे त्याचेच शब्द आहेत. तसेच लिहावेत ही विनंती.

डेसने शीळ घातली. बिस्किट उडी मारून माझ्या जागेवर बसला. तो बावीस किलोचा आहे. मी मनात बेरीज केली, ती ३,३४२ आली. म्हणजे कुत्रा मर्यादेत बसत होता, मी बसत नव्हते. मी बाहेरून दार लावलं आणि म्हटलं, "तू हो पुढे. पावती झाली ना तुझ्या मनासारखी?" तो म्हणाला, "उगाच तमाशा करू नकोस, बस आत!" मागून गव्हाचा ट्रक हॉर्न मारत होता. डेसला जागा सोडावी लागली. तो कोपऱ्यावर थांबेल असं मला वाटलं होतं. मी येईन असं त्याला वाटलं असावं. वीस मिनिटं थांबून तो रागाने पुढे गेला, असं तो सांगतो.

इव्होंनी मला चहा आणि आपल्या डब्यातलं अर्धं सँडविच दिलं. ट्रक नसताना मी एकटी काट्यावर उभी राहिले. काटा वीस-वीस किलोंच्या टप्प्यानेच दाखवतो. मी एकाहत्तर किलोची, त्याने ऐंशी दाखवले. मला फार बरं वाटलं. हा जबाब लिहून घेणारे हवालदार रीव्ह म्हणतात याची इथे गरज नाही. मी म्हटलं, लिहा.

नव्वद किलोमीटरवर पोलिसांनी गाडी वजनासाठी थांबवली. वजन मर्यादेत निघालं. पुढच्या सीटवर बाईची पर्स, रक्तदाबाच्या गोळ्या आणि कुत्रा पाहून अधिकाऱ्याने बायको कुठे आहे असं विचारलं. डेसने उत्तर दिलं, "काट्यावर उतरवून ठेवली." त्यावरून हा तपास सुरू झाला असं मला समजलं.

डेस आता गाडी घेऊन परत आला आहे आणि बाहेर बाकावर बसला आहे. मघाशी त्याने आत डोकावून "पाया पडू का?" असं विचारलं. मी सांगितलं, पाया नको, चावी दे. त्याने दिली.

माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. काटा चार वाजता बंद होतो, म्हणून जबाब लवकर पुरा करावा. या वेळी गाडी काट्यावर मी लावणार आहे. उतरवलेलं माझं सामान आधी आत जाईल. पावती आणायला डेस उतरेल. तो एकशे आठ किलोचा आहे. पुढचं काय ते आकडा पाहून ठरवीन.

वरचं सगळं हवालदार रीव्ह यांनी मला मोठ्याने वाचून दाखवलं. दार उघडं असल्याने ते डेसनेही ऐकलं. मी बोलले तेच आणि तेवढंच त्यात आहे, म्हणून सही करते.

मर्ना हॅलोरन