नळी बसेपर्यंत

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर एक नेमबाज बाई आणि तिला शिकवणारा तिचा थोरला भाऊ नंबराची वाट पाहत होते.

"दादा, निवड चाचणीआधीच्या सरावात माझ्या गोळ्या वरच का जात होत्या?"

"सोड ना आता."

"डोळे बिघडले असते तर त्या चहूकडे विखुरल्या असत्या. या सगळ्या मुठीएवढ्या जागेत होत्या. बोल की, मिठाची गुळणी धरलीस का?"

"रायफलची नळी नवी होती."

"मग?"

"नव्या नळीतून गोळी आधी जरा हळू सुटते. शे-दीडशे गोळ्या झाडल्या की वेग वाढतो आणि तिथेच स्थिरावतो, म्हणजे नळी बसते. लांबच्या निशाण्यावर तेवढ्यानंही गोळी वर जाते."

"आणि आपण रायफलवरच्या दुर्बिणीचा नेम जुळवला पहिल्याच दिवशी."

"हो."

"वर तूच बजावलंस, दुर्बिणीला हात लावायचा नाही. नेम चुकला तर आधी स्वतःला तपास."

"वेग पुन्हा मोजायचा राहूनच गेला गं. चुकलं माझं."

"मी चष्मा बदलला, श्वास धरायची पद्धत बदलली. शेवटी डोळेच गेले समजून चाचणीतून नाव काढून घेतलं. नळी बसली, आणि मीही घरी बसले."

"पुढच्या निवडीला आपण..."

"ती चार वर्षांनी आहे, दादा. तोवर मला कोण विचारतंय?"

"बघ, तुझा नंबर आला. जा आत."

"आणि डोळे चांगले निघाले तर?"